आरशातला पिवळा दिवा

मास्तर अर्ध्या गालाला साबण फासून आरशापुढे उभे होते, बायको चहा गाळत होती आणि दारावर थाप पडली. दारात गॅरेजचे मालक.

“अगंबाई! एकवीस वर्षांत पहिल्यांदा पाय लागले,” ती म्हणाली. “वाट चुकलात की काय?”

“वहिनी, चहा नको. मास्तरांची एक सही हवीय.”

मास्तर म्हणजे गॅरेजचे वायरमन. कुणी चुकलं की फैलावर घेतात, म्हणून हे नाव. मागच्या बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांआड तळहाताएवढं रडार असतं. ड्रायव्हरला आरशात न दिसणारी गाडी त्याला दिसते आणि आरशातला पिवळा दिवा पेटतो, हे साऱ्या गॅरेजला त्यांनीच शिकवलेलं. गेल्या आठवड्यात रंगाऱ्याने एका गाडीचा चेपलेला कोपरा लांबीचा लगदा भरून गुळगुळीत केला. एवढ्या जाड लांबीआडून रडारला धड दिसत नाही. मास्तर म्हणाले होते, “बंपर नवा घाला. रडार धरणारी आतली पट्टी वाकलीय, ती सरळ करतो. मग मोजून ठरल्या जागी पत्रा उभा करून रडारचा कोन लावायला हवा. अर्धा दिवस द्या. तोवर गाडी सोडू नका.”

मालकांनी चावी फिरवली. दिवा लुकलुकला.

“पेटला की! उगाच कीस काढू नका.”

चावी फिरवली की तो एकदा पेटतोच. दिवा शाबूत आहे, एवढंच त्यातून कळतं. हे सांगेपर्यंत गाडी फाटकाबाहेर पडली होती.

परवा त्याच गाडीने बाजू बदलताना स्कूटरवरच्या एका नर्सला उडवलं. तिचा पाय कापावा लागला.

मालकांनी आता पुढे केलेला कागद मास्तरांनी वाचला. रडारचा कोन त्यांनीच लावला, त्यात त्यांची नजरचूक झाली, असं लिहिलं होतं.

“सही करा. नोकरी कुठे जात नाही, वकील मी देतो. माझ्या अगदी गळ्याशी आलंय हो.”

“म्हणून माझी मान पुढे करायची?”

“चहा नको म्हणालात तेच बरं केलंत,” बायको आतून म्हणाली.

मास्तरांना रागसुद्धा धड येईना. ती बाई खाटेवर पडून कुणाच्या नावाने बोटं मोडत असेल, एवढंच डोक्यात फिरत होतं. त्यांनी कागद परत दिला.

“सही करणार नाही. उद्यापासून येऊ नका म्हणालात तरी चालेल. फक्त त्या बाईंना एवढं सांगा, गाडी सोडू नका असं मी म्हटलं होतं.”