उजवी मिशी

कॉलेजच्या प्रयोगशाळेत रंगकाम निघालं, म्हणून मी ती आफ्रिकेतली मुंगी बोरीवलीला घरी आणली. नियमात बसत नव्हतं, पण ती कुठल्या जातीची, याचं उत्तर गाइडना लगेच हवं होतं. परदेशातल्या संग्रहालयाने पीएचडीसाठी उसनी दिलेली, जमिनीखाली घर करणारी मुंगी. कागदाच्या इवल्याशा तुकड्यावर चिकटवून टाचणीला लावलेली. तशी दुसरी कुणाकडे नव्हती.

माझं सगळं तिच्या मिशीवर, म्हणजे डोक्यावरच्या स्पर्शिकेवर अडलं होतं. ओळखीच्या जातीच्या मिशीत बारा पेरं असतात, मला डावीत अकरा दिसली. उजवी डोक्याखाली दबलेली, मोजताच येईना. मी डावीचा फोटो काढला. नवी जात! तीन वर्षं घासल्यावर काहीतरी हाती लागत होतं.

शनिवारी दुपारी जेवायला उठले आणि डबीचं झाकण लावायचं राहिलं. येऊन बघते तर टाचणीला नुसता कागद. टेबलाखालून आमच्या घरच्या मुंग्यांची रांग बाल्कनीकडे चाललेली.

बाबा दर शनिवारी बाल्कनीत तुळशीपाशी मुंग्यांना साखर घालतात. मी सगळा राग त्यांच्यावर काढला.

"तुमच्या साखरेने माझी वाट लावली, बाबा. पाळा अजून मुंग्या."

त्यांनी मुकाट साखरेचा डबा उचलून आत ठेवला. मुंगीच्या डबीचं झाकण मीच उघडं टाकलं होतं, हे त्यांनी बोलून दाखवलंसुद्धा नाही, त्याचाच मला जास्त संताप आला.

रविवारभर ते कुंडीपाशी उकिडवे. मुंग्या आपल्या घरातला खाऊन उरलेला केर कुठे आणून टाकतात, ते त्यांना पाठ होतं: कुंडीमागे, लादीच्या फटीशी. तिथला भुगा पांढऱ्या कागदावर घेऊन उदबत्तीच्या काडीने चिवडत बसले. गुडघे दुखतात त्यांचे. आई करवादत होती, मी खोलीतून बाहेर आले नाही.

सोमवारी सकाळी त्यांनी कागद माझ्यापुढे धरला.

"बघ गं. आपल्या मुंग्यांचं डोकं एवढं मोठं नसतं."

तिचंच डोकं. डावी मिशी गेलेली, उजवी मात्र मोकळी झाली होती. मायक्रोस्कोपखाली मोजली. परत मोजली. बारा. म्हणजे डावीतली दोन पेरं जन्मापासून जुळलेली असणार. नवी जात वगैरे काही नाही, तीच जुनी.

माझ्याकडे अकराचा फोटो होता. डोकं सापडलंच नाही म्हटलं असतं, तर कुणाला काय कळणार होतं? खोटं कशाला सांगू, तो कागद केराच्या टोपलीत झटकायचं मनात आलं. बाबा खुर्चीमागे श्वास रोखून उभे होते.

"किती?"

मी सांगून टाकलं, "बारा."

अकरा हवी होती, हे त्यांना मी कधी सांगितलंच नव्हतं; मिशीत बारा पेरं असतात, एवढंच ते ऐकून होते. त्यांचा चेहरा एकदम सैल पडला.

"पुरी आहेत ना मग? काही हरवलं नाही ना तुझं?"

"नाही, बाबा," म्हटलं. गाइडना फोन लावायच्या आधी साखरेचा डबा बाल्कनीत नेऊन ठेवला.