डाव्या हातानं जेवणारं गाव

भाताच्या कापणीला दिवा गावच्या शेतात सगळे ओळीनं उभे राहत, तेव्हा गोदाची जागा ठरलेली असे: ओळीचं अगदी डावं टोक. मध्ये उभी राहिली की तिचा विळा शेजारच्याच्या विळ्याला भिडे. गोदा डावखुरी. तिच्या बापानं, दामाजीनं, याचा फार विचार केला नाही. कल्याणच्या लोहाराकडून त्यानं उलट्या दात्यांचा विळा करून आणला आणि हसणाऱ्यांना विचारलं, "लेकीसाठी विळा करायचा, का विळ्यासाठी लेक?"

शाळेत मात्र असा विळा मिळाला नाही. गुरुजींनी तिचा डावा हात परकराच्या नाडीला बांधला. हात सुटेपर्यंत उजवा लिहायला शिकला, पण कसा? दुसऱ्याच्या घरी पाणी मागावं, तसा. सातवी होऊन गोदाचं लग्न ठरलं, बाळकुमच्या भिवाशी, तेव्हा आईनं पाठवणीला तिच्या कानाशी लागून सांगितलं, "बाय, डावा हात इथंच ठेवून जा."

गोदानं आईचा शब्द पाळला, म्हणजे जवळजवळ पाळला. बाळकुममध्ये ती उजव्यानं वाढायची, उजव्यानं कुंकू लावायची, प्रसाद घ्यायला उजवा पुढे करायची. दार लावलं की विळीवर मासळी चिरताना डावा हात आपोआप बाहेर यायचा. हे ठाऊक होतं एकट्या भिवाला. तो मोहने गावच्या कारखान्यात कामाला होता आणि सुट्टीपुरता घरी यायचा. "तू उजव्यानं वाढतेस ना," तो म्हणायचा, "तवा पाव्हनीच वाढतेय असं वाटतं. दार लावून घे नि नीट वाढ."

आणखी एका जागी डावा हात मोकळा सुटायचा. गावात लग्न असलं की घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाचा चौक, म्हणजे लग्नाचं चित्र, काढावा लागे. गोदानं काढलेला चौक म्हणजे पाहत राहावं: झाडाच्या पानापानाला वारा लागलेला, नवरा-नवरीच्या पायांत चाल. फक्त तिची एक अट असायची. खोलीत कोणी यायचं नाही. लोक म्हणत, गोदाबाय फार सोवळ्यानं काढते. लग्नाचे धवले गाणारी धवलारीण ठमाबाई, जिच्या गाण्यावाचून बाळकुममध्ये एकही लग्न लागत नसे, ती चौकासमोर बसून म्हणायची, "असा चौक असला ना, मंग संसाराला कुनाची नजर लागत नाय."

देवळाच्या पडवीत बालवाडी निघाली ती चोपन्न साली. ठाण्याच्या एका संस्थेला गावातलीच शिकलेली बाई हवी होती, आणि शिकलेली बाई गावात एकच होती. संस्थेनं खाऊसाठी चणे दिले, पाट्या दिल्या आणि चित्रांची चार पुस्तकं दिली. पुस्तकांतली मुलं गुलाबी गालांची, पायांत मोजे घातलेली, पट्टा बांधलेल्या कुत्र्याला फिरवणारी. गावातल्या मोरूच्या धाकट्या पोरानं पुस्तक न्याहाळलं आणि विचारलं, "बाई, हे आजारी हायेत का? पाय झाकलेत सगल्यांनी."

गोदानं ही गोष्ट संस्थेच्या हरिहररावांना सांगितली. ते पोट धरून हसले आणि मग पुस्तक पुन्हा उघडून पाहू लागले. पुढच्या आठवड्यात म्हणाले, "गोदाबाई, तुम्हीच काढा ना पुस्तक. बाळकुमची मुलं, बाळकुमची घरं. संस्थेच्या प्रशिक्षणवर्गात तुम्ही लाकडावर ठसे कोरले होते, ते मी विसरलेलो नाही. मजकूर आम्ही जुळवून घेऊ."

तो सबंध हिवाळा ती दुपारी दार लावून सागाच्या लहान फळ्यांवर कोरत बसली. जाळं फेकणारा कोळी, मिठागरातून टोपली घेऊन येणारी बाई, फळ्यावर लिहिणाऱ्या बाई, पंगतीत बसून भात-मासे खाणारी मुलं. कोरणी अर्थातच डाव्या हातात. फळीवर ती माणसं अशी दिसत की आता हाक मारतील.

त्याच हिवाळ्यात ठमाबाईची नात शकू बालवाडीत येऊ लागली. पाच वर्षांची, बोलकी, डोळ्यांत मिश्कील भाव. पहिल्याच दिवशी तिनं डाव्या हातानं खडू उचलला आणि गोदानं चटकन पायरीकडे पाहिलं, कोणी बघत तर नाही ना. दुसऱ्या दिवशी शकूचा डावा हात लुगड्याच्या चिंधीनं कमरेला बांधलेला होता.

"मीच बांधलाय," ठमाबाई म्हणाली. "सोडू नकोस. वलन लागंपर्यंत ऱ्हाऊ दे. उद्या सासरी डाव्यानं वाढलंन तर काय म्हनतील? धवलारनीची नात नि हिला येवढं ठाव नाय?"

गोदाच्याच आईचं वाक्य होतं ते, नुसतं तोंड दुसरं.

आठवडाभरात शकूचं बोलणं आटलं. ती पाटीला हात लावीना. चणे वाटले की पुढ्यात तसेच पडून राहत. "भूक नाय," एवढंच म्हणायची आणि बांधलेल्या हाताकडे पाहत बसायची, जणू त्या हातानं चोरी केली होती आणि ती त्याच्याबरोबर तुरुंगात बसली होती. गोदाला वाटे, चिंधी सोडावी. मग वाटे, ठमाबाई विचारील, 'तुला काय ठाव?' आणि त्याला उत्तर एकच होतं.

फाल्गुनात ठाण्याहून निरोप आला: पुस्तकाचे पहिले फर्मे छापून झाले, बघायला या. गोदा छापखान्यात पोचली तर हरिहरराव कागद हातात धरून उभे, आणि यंत्रावरचा मारुती तोंडावर फडकं दाबून हसत होता.

"गोदाबाई," हरिहरराव म्हणाले, "हे सगळं गाव डावखुरं कसं झालं?"

तिनं पाहिलं. कोळी डाव्यानं जाळं फेकत होता. बाई डाव्यानं फळ्यावर लिहीत होत्या. पंगतीतली झाडून सगळी मुलं डाव्या हातानं जेवत होती.

"आणि बाईंचा पदर बघा, उजव्या खांद्यावर," मारुतीला राहवेना. "बालकुमला गुजरातीन मास्तरीण आली काय?"

चूक साधी होती. ठसा कागदावर उलटा उमटतो. अक्षरांच्या बाबतीत ही गोष्ट छापखाना विसरत नाही, पण चित्रं गोदानं सरळ कोरली होती. प्रशिक्षणात पानाफुलांचे ठसे केले होते, आणि पान उलटं छापलं तरी पानच राहतं. फळ्या पाहून हरिहररावांनाही काही खटकलं नव्हतं.

गोदाच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. चुकीपेक्षा भीती निराळीच होती. तिला वाटलं, लाकडानं चहाडी केली. ज्या हातानं कोरलं, त्या हाताचं नाव सगळ्या गावाच्या अंगावर उमटलं.

"मनाला लावून घेऊ नका," हरिहरराव हळू आवाजात म्हणाले. "कोरीव काम सुंदर आहे. पुन्हा कोरावं लागेल, एवढंच. हे कागद रद्दीत."

"रद्दीत नको," ती म्हणाली. "मुलांना पाठकोरे चालतील."

पाठकोरे कागद मिळाले म्हणून बालवाडीत दुसऱ्या दिवशी आनंदीआनंद झाला. गोदानं ते कोरी बाजू वर करून वाटले. पण कोरी बाजू पाहील तर ते मूल कसलं? कागद उलटे झाले आणि गलका उठला. "ह्यो माजा काका!" "ही आमची होडी!" शकूच्या पुढ्यात पंगतीचं चित्र आलं होतं. ती कितीतरी वेळ पाहत राहिली. मग एकेका मुलाच्या हातावर उजव्या हाताचं बोट ठेवत गेली, शेवटापर्यंत.

"बाई, ही पोरं कुठली?"

"बाळकुमची."

"सगली?"

गोदानं होकार दिला. खोटं बोलावं लागलं नाही. तिनं या मुलांनाच समोर ठेवून कोरलं होतं.

शकूनं मान वाकवली, चिंधीची गाठ दातांत धरली आणि सोडली. मग डाव्या हातानं चण्यांची मूठ भरली. कितीतरी दिवसांची भूक होती. दुसरी मूठ तोंडात असतानाच पडवीच्या पायरीवर ठमाबाई उभी राहिली. नातीसाठी भाकरी घेऊन आली होती.

"सोडलंन कुनी?"

ठमाबाईनं चिंधी उचलली, चित्र उचललं, आणि तिचा आवाज धवल्यासारखा चढत गेला. "अगं गोदे, ह्येच शिकवतंस? गावची सगली पोरं डावरी केलीस? ज्या हातानं धुवाचं, त्याच हातानं गिलाचं?"

"मी उजव्यानं धुते, आजे," शकू तोंड भरलेलं असतानाच म्हणाली.

मुलं खिदळली. ठमाबाईनं चिंधीचा पीळ सोडवला आणि नातीचा हात धरला. त्या क्षणी गोदाला कळलं, आपण आता नाही बोललो तर हा हात आपल्याच हातासारखा आयुष्यभर दाराआड राहील.

"ठमाआत्या, मी डावरी आहे."

"काय?"

"जन्माची. हे डाव्या हातानंच कोरलंय मी."

ठमाबाई हसली. "पोरीसाठी लबाड बोलतंस."

गोदानं खडू उचलला, डाव्या हातात धरला आणि पडवीच्या काळ्या भिंतीवर चौकातलं झाड काढलं. बुंधा, फांद्या, वारा लागलेली पानं. हात कुठेही थांबला नाही. असं झाड बाळकुममध्ये एकच बाई काढते, हे ठमाबाईएवढं कोणाला ठाऊक होतं?

ठमाबाई पायरीवर बसली.

"मंग मोरूच्या लगनातला चौक?"

"डाव्यानं."

"मोरूला तर तीन पोरगे झाले." ती मनाशी पुटपुटली. "पंढरीच्या?"

"डाव्यानंच."

"पंढरी बायकोशिवाय घास खात नाय... जनाबायच्या लेकीचा?"

"तोही."

"आनि गोविंदाचा?"

"गोविंदाच्या वेळी मला ताप होता, आत्या. तो त्याच्या मामीनं काढला. उजव्या हातानं."

ठमाबाईनं कपाळावर हात मारला. गोविंदा आणि त्याची बायको रोज सकाळी अख्ख्या आळीला ऐकू येईल असे भांडत. "तरीच!" ती म्हणाली, आणि मग स्वतःच्याच 'तरीच'नं पेचात पडली. डावा हात अशुभ म्हणावा, तर स्वतः गायलेली इतकी लग्नं अशुभ ठरत होती. धवलारणीला ते परवडणारं नव्हतं.

ती पुन्हा भिंतीवरच्या झाडाकडे वळली. "बापाकडं कोनी काय बोलला नाय तुला?" तिनं हळूच विचारलं.

"शाळेत बांधला होता."

"दुखला?"

"हात नाही दुखला."

ठमाबाईनं भाकरी फडक्यातून सोडून नातीच्या पुढ्यात ठेवली. "परसाद तेवढा उजव्यानं घे, बाय," ती म्हणाली. "देवाचं मी बगून घेते हलूहलू."

गोदानं फळ्या पुन्हा कोरल्या. या वेळी उलट्या; भिवा रविवारी आरसा धरून बसायचा आणि सांगायचा, "आता बरोबर, गुजरातीन गेली." नव्या फळ्यांचे कच्चे फर्मे ठाण्यात निघाले तेव्हा हरिहररावांनी एकेक पान तपासलं आणि पंगतीच्या चित्रावर थांबले. पंगतीच्या मधोमध एक मुलगी डाव्या हातानं जेवत होती. तिचं कोपर शेजारच्या मुलाच्या कोपराला लागत होतं आणि दोघं हसत होती.

"ही एक चुकून राहिली का?"

"नाही, ही शकू," गोदा म्हणाली.

हरिहररावांनी कागद मारुतीकडे दिला. "छापा."

पुस्तक बाळकुमला आलं तेव्हा मुलांची झुंबड उडाली. शकूनं कोणाला न विचारता स्वतःला शोधून काढलं. गोदा जरा दूर, भिंतीला टेकून उभी होती. हाताबद्दल पोर काय बोलते, याकडे तिचे कान लागले होते.

शकूनं चित्र डोळ्यांजवळ नेलं, शेजारच्या मुलाच्या ताटाकडे पाहिलं, पुन्हा आपल्या ताटाकडे पाहिलं, आणि तणतणत बाईंपुढे येऊन उभी राहिली.

"बाई, ह्याला दोन बोंबील नि मना एकच?"