परीक्षा ॲपची, नापास मी

"अरे, हिला कीपॅड खाली घेता येत नाहीये. गोल्ड आहे हे! क्लिप करून ठेव."

लॅपटॉपमधून आवाज आला. मागोमाग हसणं. दोघं-तिघं असावेत, पुण्यात बसून माझ्याकडे बघत होते. आपला आवाज इकडं ऐकू येतोय हे त्यांच्या गावीही नव्हतं. मी सिडकोतल्या एका ऑफिसात, काचेच्या खोलीत खुर्चीवर बसले होते. समोर स्टँडला लावलेला मोबाइल. एक कॅमेरा माझ्या बोटांवर, दुसरा तोंडावर. शेजारी लॅपटॉपवाली मुलगी. तिनं घाईघाईनं आवाज बंद केला.

"मावशी, तुम्ही चालू ठेवा. मनात येतंय ते बोलत राहा."

मनात येत होतं ते बोलले असते तर तिनं कान झाकले असते. मी हसले. तेच आजही खुपतं. ते मला हसले आणि त्यांच्या जोडीनं मीही मला हसले.

मी बजाजनगरात मेस चालवते. वाळूजच्या कंपन्यांत राबणाऱ्या, खोली करून राहणाऱ्या पोरांना डबे देते. चितेगावाकडच्या शेतकरी घरातली मी, लग्न होऊन इथं एका खोलीत आले. नवऱ्याची कंपनी बंद पडली तेव्हा शेजारच्या पोरांसाठी पोळ्या लाटायला लागले. तिथून इथवर आले, कुणी हात धरून आणलं नाही. आता माझ्या हाताखाली बायका आहेत. जाधववाडीच्या मार्केटात मी शिरले की भाजीवाले एकमेकांना म्हणतात, "आली काकू. आज बोहनीचं वाटोळं." मला वाईट वाटत नाही. ती माझी कमाई आहे.

एका प्लांटचे डबे माझ्याकडे होते. सगळ्यात मोठी ऑर्डर तीच. उद्या किती डबे लागतील ते कॅन्टीनचा सुपरवायझर संध्याकाळी फोनवर सांगायचा आणि सकाळी फिरवायचा. ओव्हरटाइम लागला, लाइन बंद पडली, आकडा बदलला. मी भांडायचे.

"काल सांगाया तोंड नव्हतं का?"

"काकू, लाइन मला विचारून बंद पडते व्हय?"

मग तो थोडा सरकायचा, मी थोडी सरकायचे. उरलेल्या पोळ्या दुसऱ्या शिफ्टच्या पोरांना जायच्या. असं चालायचं काम. बोलण्यावर.

मग कंपनीनं ठरवलं, फोन बंद, सगळं ॲपवर. ॲप बनवणाऱ्यांना ते वापरून बघायला एक डबेवाली पाहिजे होती. कंपनीच्या ॲडमिनच्या साहेबानं मला पाठवलं. "जाऊन या काकू. एसीत बसाल घडीभर."

मी ठेवणीतली साडी नेसून गेले. त्या मुलीनं आधी एक कागद वाचून दाखवला. येईल त्याला वाचून दाखवतात म्हणे. "आम्ही तुमची परीक्षा घेत नाही, ॲपची घेतोय. तुम्ही चुकूच शकत नाही. कुठं अडलं तर तो आमचा दोष." ऐकून मला बरं वाटलं. शाळेत मला असं कुणी म्हणालं नव्हतं.

मग म्हणाली, उद्या किती डबे देणार तो आकडा भरा. मी चौकोनाला बोट लावलं, खालून कीपॅड वर आला. आकडा टाकला. आता पुढं? पुढचं बटण दिसेना. ते त्या कीपॅडच्या मागे झाकलं गेलं होतं. मी वर दाबलं, कोपऱ्यात दाबलं, मागे गेले, परत आले. कपाळाला घाम. मुलीला ठाऊक होतं बटण कुठं आहे. ती नुसती बघत होती.

"कुठं दाबू गं?"

"मी सांगू शकत नाही मावशी. तसा नियम आहे."

नियम. समोर माणूस अडलाय आणि नियम असा की त्याला अडू द्यायचं, आणि नीट बघायचं. तेवढ्यात ते पुण्याचं हसणं आलं.

निघताना मी तिला सांगितलं, "सकाळी माझे हात कणकेत असतात बाई. फोन मी कोपरानं घेते. आन आकडा बदलला तर ह्याच्यात बोलायचं कुणाशी?"

"ग्रेट पॉइंट मावशी," म्हणाली. लिहून घेतलं. कॉफी प्यायचा एक कप भेट दिला, त्यांचं नाव छापलेला. आमच्या घरात कॉफी कुणी पीत नाही.

महिना सरायच्या आत ॲडमिनच्या साहेबानं बोलावलं. खुर्ची दिली नाही.

"काकू, रिपोर्ट आलाय. तुम्हाला सिस्टीम झेपणार नाही. ऑर्डर आम्ही जालना रोडच्या केटररला देतोय."

"ते तर म्हणाले, परीक्षा ॲपची हाय."

"मी व्हिडिओ बघितलाय ना काकू."

बघितला होता. बोलताना तो हसू दाबत होता.

घरी आले. दोघीजणींना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगावं लागलं. त्यातली एक माझ्याकडे सुरुवातीपासून होती. तिनं पोळपाट धुऊन भिंतीला टेकवला आणि विचारलं, "पण तुमचं चुकलं काय, काकू?"

"अगं, मला ते बटण..." मी म्हणाले. आणि थांबले.

माझं काय चुकलं होतं? झाकलेलं बटण मला दिसलं नाही. झाकलेलं होतं म्हणून दिसलं नाही. एवढंच! पण जन्मभराची सवय अशी लागलेली, की अडलं की आधी स्वतःकडे बघायचं. बँकेची स्लिप चुकली, मी अडाणी. एटीएमनं कार्ड गिळलं, मी अडाणी. रेशनच्या मशीनवर अंगठा उठला नाही, तर माझाच अंगठा झिजलेला. मशीन कधी अडाणी नसतं. मशीन करणारा तर नसतोच नसतो.

दुसऱ्या दिवशी सिडकोत गेले. कामाच्याच साडीत. काचेच्या खोलीच्या भिंतीवर माझा मोठा फोटो लावलेला. खाली नाव सखूबाई. माझं नाव सखूबाई नाही. त्याखाली लिहिलेलं, 'टेक्नॉलॉजीची भीती वाटते. निर्णयासाठी मुलावर अवलंबून.' मला मुलगा नाही. दोन मुली आहेत, आणि दोघी निर्णय मला विचारून घेतात. मेसचा व्हॉट्सॲप ग्रुप मी चालवते. पोरांचे पैसे माझ्या मोबाइलवर येतात. मला हे कुणी विचारलंच नव्हतं.

त्यांचा सर बाहेर आला. गोड बोलणारा माणूस.

"मावशी, हे तुमच्याविरुद्ध नाही हो. आमच्या टीमला यूजरबद्दल सहानुभूती वाटावी म्हणून असा एक नमुन्याचा यूजर, बनवलेल्या नावानं, लावतो आम्ही."

"सहानुभूती ऱ्हाऊ द्या तुमच्याजवळ. बटण वर घ्या. आन कंपनीला लिहून द्या, बाई नापास नाय, ॲप नापास हाय."

"रिपोर्ट क्लायंटचा असतो मावशी. त्यात आता बदल नाही करता येत. पाहिजे तर व्हिडिओत तुमचा चेहरा धूसर करू."

मी जन्मभर सौदे केलेत. समोरचा काय देतोय आणि काय दाबतोय ते मला कळतं. हा मला माझंच तोंड परत देत होता, आणि तेही पुसून. मी हात घातला आणि कागद भिंतीवरून ओढला. चिकटपट्टीबरोबर रंगाची खपली निघाली. कुणीतरी ओरडलं, "सिक्युरिटीला बोलवा."

"बोलवा की. त्यानंबी माझाच डबा खाल्लेला असंल."

फोटो फाडून वेगळा केला, पिशवीत टाकला. खालची सखूबाई सराच्या हातात दिली. "ही तुमची. तुम्हीच सांभाळा."

जिन्यात ती लॅपटॉपवाली मुलगी मागून पळत आली. डोळ्यांत पाणी. "मावशी, मी बटणाचंच लिहिलं होतं. सरांनी रिपोर्टचं वरचं पान बदललं."

"मंग वर बोल. मला जिन्यात कशाला सांगती?"

ती वर गेली. बोलली का नाही, मला माहीत नाही.

ऑर्डर परत आली नाही. पुढं एकदा तो सुपरवायझर भाजीच्या गाड्यावर भेटला. मोठ्या कौतुकानं मोबाइल काढून दाखवायला लागला. "बघा काकू, किती सोपं केलंय आता." बटण वर आलं होतं, कीपॅडच्या डोक्यावर. कोपऱ्यात माइकचं चित्र, दाबून बोलायचं, आकडा बदलल्याचं कळवायचं. माझ्या घामानं ते शिकले, माझं बोलणं त्यात घातलं आणि ते ॲप केटररच्या मॅनेजरच्या हातात दिलं. सुपरवायझरला यातलं काही माहीत नव्हतं. मी त्याला सांगितलं. त्यानं मोबाइल खिशात घातला.

परवा त्या ऑफिसातून परत फोन. दुसरं ॲप, दुसरी कंपनी. "मावशी, तुमच्यासारख्या बायका पाहिजेत. ओळखीच्या असतील तर सांगा ना."

मी म्हटलं, सांगते. तुम्ही माझ्या मेसमध्ये यायचं, सकाळी, तवा तापलेला असताना. व्हिडिओ माझ्याकडं राहील. रिपोर्ट कंपनीच्या आधी मला वाचून दाखवायचा, पान बदलायचं नाही. नाव लिहायचं तर माझं खरं लिहायचं. आणि बाईला अडलं म्हणून तिचं काम गेलं, तर ते भरून द्यायची जबाबदारी तुमची. आधी कागदावर लिहून द्या.

"असं नसतं मावशी. तशी प्रोसेस नाहीये आमची."

"मंग आमचीबी नाय."

त्याच दुपारी बजाजनगरातल्या मेसवाल्या बायका गोळा केल्या. सगळं सांगितलं. हसणंही सांगितलं, माझं हसणंसुद्धा. लिहून मिळाल्याशिवाय कुणी त्या खुर्चीवर बसायचं नाही, असं ठरलं. एकटी तेवढी म्हणाली, "आपण नाय गेलो तर ह्या शेजारच्या रांजणगावच्या बायका धरून नेतील की."

खरं होतं तिचं. मी चप्पल पायात घातली आणि रांजणगावच्या रस्त्याला लागले. त्याच्या पुढंही गावं आहेत. तिथंही जाईन.