तांबडं बटण

आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, जाधववाडीच्या घाऊक भाजीबाजारात, मोंढ्यात, हर्रास पुकारायचे. हर्रास म्हणजे लिलाव. मिरचीच्या ढिगापाशी उभं राहून "एक बार, दोन बार" असं ते ओरडले की आवाज पार फाटकापर्यंत जायचा. घरातही तोच आवाज. जेवताना मीठ मागितलं तरी शेजाऱ्यांना वाटायचं, यांच्यात भांडण लागलंय. नेमक्या त्याच माणसाच्या गळ्यात कर्करोग निघाला आणि डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल. देवाला दुसरा अवयव सापडला नव्हता का? मला अजून संताप येतो.

मी शाळेत विज्ञान शिकवते आणि घरी तारा-बिरा जोडत बसायची मला खोड आहे. आमच्या पुंडलिकनगरात नळाला पाणी कधी येईल ते ब्रह्मदेवाला ठाऊक, म्हणून पाणी आलं की वाजणारी घंटी मी केली होती. गल्लीत माझी कीर्ती तेवढीच. ऑपरेशन ठरलं तसं मी अण्णांना म्हटलं, तुमचा आवाज भरून घेऊ. तीन मोठी बटणं असलेला डबा करते. बटण दाबलं की तुमचंच वाक्य तुमच्याच आवाजात वाजेल.

दवाखान्यात जायच्या सकाळी बाहेरच्या खोलीत बसून आम्ही मोबाइलवर वाक्यं भरली. निळ्या बटणासाठी "पाणी द्या." हिरव्याचं वाक्य आईनं ठरवलं. ती म्हणाली, "इचारपूस करायला माणसं येतील. कसं वाटतंय म्हणतील. त्यास्नी कायतरी बोलाय नको व्हय?" म्हणून अण्णांनी भरलं, "बरं हाय. बसा, चहा घ्या." तांबडं बटण दुखण्यासाठी. तेव्हा त्यांना काहीच दुखत नव्हतं. त्यांना त्याचं हसू आलं आणि त्यांनी मोंढ्यातल्या सुरात ठोकून दिलं, "दुखतंय एक बार! दुखतंय दोन बार!" तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून ओरडली, "अहो, गप बसा! घरात असलं बोलू नका, वास्तू तथास्तु म्हणती." अण्णा खो खो हसले. मी मोबाइल बंद केला. म्हटलं, हे नंतर नीट भरू. रिक्षा दारात उभी होती, ते राहूनच गेलं.

ऑपरेशन झालं. पुढं मानेत गाठ पुन्हा आली. किरणांचा शेक देऊन देऊन मान लाकडासारखी झाली, होय-नाय म्हणायलाही हलेना. हात सुजले. पेन्सिल धरवत नव्हती, आणि धरवली असती तरी अण्णांना सहीपुरतंच लिहिता यायचं. बोटानं दाबणं तेवढं जमत होतं. डॉक्टरांनी दुखण्यावर एक जालीम औषध दिलं आणि बजावलं, "दुखतंय म्हणाले की द्यायचं, पण दोन डोसांत सांगितलेलं अंतर ठेवायचं." आता म्हणणार कसं? सगळा भार त्या डब्यावर आला.

डब्यात जीव कसला, तर बोटाएवढी एक चिप. तिच्यात लॅपटॉपवरून वायरीनं प्रोग्रॅम भरायचा. कुठलं बटण दाबलं की कितवं वाक्य वाजवायचं, एवढंच त्यात. प्रोग्रॅम आधी भरला, मग आवाज वाजवणारी पट्टी चिपच्या दोन पिनांना कथलाचा डाग देऊन पक्की जोडली. ऑपरेशनपासून अण्णांच्या गळ्याला श्वासासाठी भोक होतं, खोकला आला की सगळं तिथून उडायचं. म्हणून ओल जाऊ नये असा डबा चारी बाजूंनी गोंदानं बंद केला. वायर लावायचं भोक तेवढं उघडं ठेवलं.

निळं दाबून पाहिलं, वाजलं. हिरवं वाजलं तशी आईनं तोंडाला पदर लावला. किती दिवसांनी तो आवाज घरात! मी तांबड्याकडं बोट नेलं तर तिनं माझा हात धरला. "ते नको. आजारी माणसाच्या घरात उगं दुखणं बोलवू नको. येळ आल्यावर वाजंलच की." मी म्हटलं, आई, काहीतरीच काय! पण ती रडत होती. राहू दिलं.

माणसं यायला लागली. डब्याचं कौतुक गल्लीभर झालं. कुणी आलं, कसं वाटतंय म्हणालं, की अण्णा बोट दाबायचे आणि तो जुना दणदणीत आवाज म्हणायचा, "बरं हाय. बसा, चहा घ्या." लोक खूश. आई स्वयंपाकघरातून ऐकायची आणि आधण ठेवायची. ती मला म्हणायची, "बघ, दुखायचं थांबलं त्यांचं. तांबडं एकदा बी वाजलं नाय." औषधाची बाटली भरलेलीच होती.

एका रविवारी पडेगावची आत्या आली, अण्णांची धाकटी बहीण. गप्पा चालल्या होत्या. डबा म्हणाला, "बरं हाय. बसा, चहा घ्या." चहा झाला. डबा पुन्हा म्हणाला. आत्या हसली, "दादा, आत्ताच तर घेतला की!" पुन्हा वाजलं. आत्या म्हणाली, "लई आग्रह करतोस बाबा, टाक गं वैनी अजून एक कप." आई हसत हसत उठली. मी वह्या तपासत बसले होते. सहज मान वर केली आणि अण्णांचं बोट दिसलं. बोट तांबड्या बटणावर होतं. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ते दाबत होते, दाबत होते, आणि डबा सगळ्यांना चहा पाजत होता.

मी ओरडलेच. औषध पाजलं. आत्या कपाळ बडवत बसली. मी प्रोग्रॅम उघडून पाहिला, तर हिरव्याची ओळ उचलून तांबड्यासाठी चिकटवली होती आणि तिच्यातला आकडा बदलायचा राहिला होता. दोन्ही बटणं एकच वाक्य बोलत होती. एकदा, फक्त एकदा ते बटण दाबलं असतं तर! मी आईवर तोंड सोडलं. "घे तुझी वास्तू! म्हण म्हणावं आता तथास्तु!" तिच्या हातात आत्याचा कप तसाच होता.

एक आकडा बदलायचा, वायर लावायची, प्रोग्रॅम भरायचा. चहा निवायच्या आत होणारं काम. वायर लावली. भरेना. स्क्रीनवर तांबडी अक्षरं आली, चिप उत्तर देत नाही. पुन्हा केलं. तेच. वायर बदलली, कारण काही वायरी नुसत्या चार्जिंगच्या असतात, त्यांतून प्रोग्रॅम जात नाही. तेच. लॅपटॉप बंद करून चालू केला, शेजारणीचा लॅपटॉप आणला, चिपचं बारकं बटण दाबून नेमक्या क्षणाला सोडून पाहिलं. मेली ढिम्म! बटणं दाबली की "बरं हाय" म्हणायला मात्र तयार. पैठण गेटच्या दुकानात डबा घेऊन गेले. दुकानदार बघून म्हणाला, "चिप गई मॅडम. नई चिप अगले हफ्ते आएगी." गई कशी? गेली असती तर बोलली असती का?

तोवर आईला सांगून ठेवलं, तांबडं दाबलं की औषध. पण तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, तांबडं-हिरवं तिला एकच. निळं दुखण्याला ठेवावं, तर पाणी मागायला काय उरणार! मी शाळेत गेले की ती स्वयंपाकघरातून ऐकायची, "बरं हाय," आणि धावत बाहेर यायची. अण्णांच्या तोंडाजवळ तोंड नेऊन विचारायची, "खरंच बरं हाय का वो? का दुखतंय?" ते काय सांगणार! पुन्हा तेच बटण. मी घरी आले की दोघांचेही डोळे सुजलेले दिसायचे.

अखेर एका दुपारी शाळेत, फळ्यावर सर्किट काढता काढता, माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. चिप लॅपटॉपचं ज्या दोन पिनांतून ऐकते, त्याच दोन पिनांना मी आवाजाची पट्टी डाग देऊन ठेवली होती. लॅपटॉप सांगायला जातो, तर पट्टी लाइन अडवून बसलेली. पहिला प्रोग्रॅम गेला तो पट्टी जोडायच्या आधी. म्हणजे पट्टी सोडवायची, आणि त्यासाठी डबा फोडायचा. फोडताना पट्टीच गेली तर पाणीसुद्धा मागता येणार नव्हतं.

घरी आले, अण्णांना सांगितलं. त्यांनी डबा स्वतः माझ्याकडं सरकवला. गरम सुरीनं गोंद कापला. दोन तारा सोडवल्या, वायर लावली, आणि प्रोग्रॅम पहिल्या झटक्यात गेला. तारा परत जोडल्या. डबा अण्णांच्या मांडीवर ठेवला. या वेळी आईनं माझा हात धरला नाही. ती दाराच्या चौकटीला धरून उभी होती. अण्णांनी तांबडं दाबलं.

"दुखतंय एक बार! दुखतंय दोन बार!" मोंढ्यातला तो खणखणीत आवाज, आणि मागून आईचा, "अहो, गप बसा! घरात असलं बोलू नका," आणि अण्णांचं खो खो हसणं. ते नीट भरायचं राहिलंय, हे मी पार विसरून गेले होते. आता दुसरं भरायला आवाजच नव्हता, आणि हे कापायला पट्टी पुन्हा सोडवायचं माझं धाडस नव्हतं.

त्यानंतर दुखणं तसंच येत राहिलं, हसत हसत. दिवसा, आम्ही जेवताना, माणसं बसलेली असताना. आधी दर वेळी औषध द्यायचो, ते निजायचे. मग गिळणं बंद झालं, औषध नाकातल्या नळीतून जायला लागलं, आणि तेही पुरेना. दिलं की थोड्याच वेळात पुन्हा "एक बार, दोन बार." डॉक्टरांना फोन केला. त्यांनी डोस वाढवला. तोही पुरेना. मधल्या वेळात देऊ नका, श्वास थांबेल, म्हणाले. पाहुण्यांनी यायचं हळूहळू सोडलं. असलं हसणं कोण ऐकत बसणार?

एका दुपारी आई बाटली हातात धरून ओट्यापाशी उभी होती. डोसाला अजून अवकाश होता. बाहेर डबा ओरडत होता, थांबत होता, पुन्हा ओरडत होता. प्रत्येक वेळी तिचाच आवाज तिला ऐकू येत होता, गप बसा, गप बसा. मी घड्याळ बघत होते. ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "आधीचंच बरं व्हतं गं. निदान चहा तरी टाकता येत व्हता."

मला राग यायला हवा होता, आला नाही. बाहेर अण्णा पुन्हा हसले. आईनं बाटली फळीवर ठेवली, भांडं घेतलं आणि गॅस पेटवला. घरात आम्ही तिघंच होतो, आणि अण्णांना चहा गिळता येत नव्हता. तरी मी तिला साखरेचा डबा काढून दिला.