बाबांनी विचारलेलं मूळ गाव

माझ्या बाबांना समोरच्याचं मूळ गाव विचारल्याशिवाय अन्न पचत नाही. जन्मभर तलाठी होते ना! अमेरिकेत बॉथेलला आमच्याकडे आले आणि तिसऱ्याच दिवशी त्यांनी शेजारच्या सोमाली काकांना गाठलं. काकांनी गाव सांगितलं आणि वडिलांपासून मागची पंधरा नावं घडाघडा म्हणून दाखवली. त्यांच्यात कूळ असंच ओळखतात. बाबा चौथ्या पिढीतच अडकले, पण मैत्री जमली.

काकांच्या त्या गावावर दोन सरकारं हक्क सांगत होती. त्यांच्या कुळाला दोन्ही नकोत, म्हणून वडीलधाऱ्यांनी तिसरंच उभं केलं आणि लढाई पेटली.

“पण सातबारा कुणाच्या नावावर आहे?” बाबांनी मला विचारलं. मी कपाळावर हात मारला.

अशात काकांच्या मुलीनं पसंत केलेला मुलगा नेमका त्या लढाईतल्या पलीकडच्या बाजूच्या कुळातला निघाला. काका महिनाभर हो म्हणेनात, नाहीही म्हणेनात. शेवटी त्यांनी मुलाच्या वडिलांना चहाला बोलावलं, आणि शेजारी म्हणून आम्हालाही.

“गावाचा विषय नको, प्लीज,” मुलीनं मला दारातच सांगितलं. मी बाबांना दोनदा बजावलं.

अर्धा तास सगळे हवा आणि ट्रॅफिक यांवरच बोलत होते. बाबांना ते सोसेना. कप खाली ठेवून त्यांनी पाहुण्यांना विचारलंच, “युवर नेटिव्ह प्लेस?”

मी त्यांना कोपरानं ढोसलं.

“केंट,” पाहुणे म्हणाले. केंट इथून पाऊण तासावर.

“नो, नो. नेटिव्ह!”

असा राग आला मला बाबांचा! पाहुण्यांनी मान खाली घालून गावाचं नाव सांगितलं. मुलगी ट्रे घेऊन दारातच थबकली.

काकांनी दाढीवरून हात फिरवला. आम्हाला कळावं म्हणून ते इंग्रजीतच बोलले. “लहानपणी मी तिथे उंटांना पाण्यावर न्यायचो. विहीर गोड्या पाण्याची. आहे अजून?”

“आहे.”

“तिकडे शांत झालं की माझ्या लेकीला तुमचं गाव दाखवायला न्याल, तेव्हा वाटेत माझं गाव लागतं. माझी बहीण आहे तिथे. तिच्याकडे जेवल्याशिवाय पुढे जाऊ नका.”

मुलगी ट्रे खाली ठेवून रडायलाच लागली. बाबा घाबरून माझ्या कानाशी लागले, “माझं काही चुकलं का गं?”