पंपातला लाल ठिपका

तीस वर्षं दुकानदारांचे तराजू तपासून निवृत्त झालेल्या माणसाचा कुणावर विश्वास बसावा, ही अपेक्षाच चुकीची. आमच्या गल्लीत त्यांना तोंडावर 'साहेब' म्हणतात आणि पाठ वळली की 'शंकासुर'. त्यांना दोन्ही नावं ठाऊक आहेत. कोण काय म्हणतं याची त्यांनी केव्हाच चौकशी केली आहे. दूधवाला जिना उतरायच्या आत साहेबांचं बोट पातेल्यात बुडालेलं असतं. डॉक्टरने रक्तदाब मोजला की विचारतात, "तुमचं यंत्र शेवटचं कधी तपासून घेतलंत?" स्वतःच्या लग्नाच्या बोलणीत त्यांनी मुलीच्या जन्माचा दाखला मागितला होता, असं म्हणतात. त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या बाई, हे सांगतात तेव्हा अजूनही हसत नाहीत.

ज्यांच्याकडे हा दाखला मागितला, त्याच सासऱ्यांची गाडी साहेबांच्या गॅरेजमध्ये उभी. करड्या रंगाची, गोल पाठीची, हत्तीच्या पिल्लासारखी. बाई त्याच गाडीवर वडिलांच्या शेजारी बसून चालवायला शिकल्या. पण लग्नानंतर किल्ली जी साहेबांच्या डाव्या खिशात गेली ती गेली. गाडी बाईंच्या बापाची आणि खिसा साहेबांचा, असा सगळा मामला.

गेल्या वर्षापासून त्या गाडीने एक खोड काढली होती. इंजिन तापलं की समोरच्या, ऑइलचा दाब दाखवणाऱ्या काट्याने हळूहळू मान टाकायची आणि शून्याजवळ जाऊन निजायचं. मिस्त्रीने एकदाच कान लावून ऐकलं आणि सांगितलं, "पंप झिजलाय साहेब. इंजिनाच्या पोटातलं तेल वर चढत नाही. असंच चालवलंत तर एक दिवस इंजिन जाम होईल आणि मग ह्या गाडीचं सामान शोधायला तुम्हाला पाताळात उतरावं लागेल."

"पंप झिजलाय की काटा खोटं बोलतोय?"

"काटा कशाला खोटं बोलेल?"

"का नाही बोलणार? मी तीस वर्षं खोटे काटेच पकडले."

एवढ्यावर आठ महिने गेले. गाडी कापडाखाली उभी. शेवटी बाईंनी एका सकाळी चहाचा कप जरा जोरातच ठेवला. "अहो, रविवारी दहा वाजता जुन्या गाड्यांचा दलाल येणार आहे. तोवर चालू झाली तर राहील, नाही झाली तर तो घेऊन जाईल. बाबांची गाडी कुजताना मला बघवत नाही."

साहेबांना आधी दलालाचाच संशय आला. हा बाईंना भेटला कुठे? पण चेहऱ्यावरून कळलं की हे खरं आहे. आणि गंमत बघा, गाडी जाणार म्हटल्यावर त्यांना रात्रीचं जेवण गोड लागेना. गाडीवर त्यांचा जीव होता. फक्त तेही त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, न जाणो कुणी फायदा घ्यायचा.

पंप साहेबांनी स्वतः शोधून आणला. जुन्या सामानाच्या दुकानातून, खोक्यात गुंडाळलेला, कोराकरकरीत. पण कोरा पंप मिस्त्रीच्या हाती द्यायचा म्हणजे मांजराला दुधाची राखण सांगायची. तो हा ठेवून घेईल आणि आपल्या गाडीत कुणाचा तरी उतरवलेला पंप घासूनपुसून बसवेल, मग? साहेबांनी दार लावलं, पंपाचे चार स्क्रू काढले, झाकण उचललं आणि आतल्या गियरवर बाईंच्या नेलपॉलिशचा एक लाल ठिपका दिला. पुन्हा झाकण, पुन्हा स्क्रू. आता बदलून दाखव!

शनिवारी सकाळी मिस्त्री आला. हा साठीचा माणूस, बोलायला महाग. डोळ्यांपेक्षा बोटांनी जास्त बघतो. साहेबांच्या गॅरेजमध्ये काम असलं की हत्यारांच्या पेटीला कुलूप लावतो आणि किल्ली गळ्यात घालतो. कारण गेल्या खेपेला साहेबांनी त्याचे पाने मोजून ठेवले होते. म्हणजे संशय तिथेही काही कमी नव्हता.

त्याने गाडीखाली घुसून तेल काढलं, खालचं तेलाचं चेंबर उतरवलं, जुना पंप बाहेर आणला. साहेब जुना पंप निरखायला उजेडात घेऊन गेले. परत आले तेव्हा नवा पंप वर्तमानपत्रावर ठेवलेला आणि मिस्त्री हात पुसत उभा.

"जेवून येतो. आल्यावर बसवतो."

तो गेला. साहेब वाकले. पंपाच्या झाकणाच्या फटीतून काहीतरी चिकट, पिवळट डोकावत होतं. साहेबांच्या कपाळाची शीर उडाली. कोऱ्या पंपात ही घाण कुठून आली? बदलला! आपण पाठ वळवायचा अवकाश, लेकाने बदलला!

चार स्क्रू निघाले. आत सगळीकडे तो चिकटा ठासून भरलेला. ठिपका दिसायला मार्गच नाही. साहेबांनी वाटीभर पेट्रोल घेतलं, जुना टूथब्रश घेतला आणि पंप असा घासला की बाईंनी कधी समई एवढी घासली नसेल. पुसला. फुंकर मारली. आणि गियरवर तो छोटा लाल ठिपका लख्ख दिसला.

पंप तोच होता. साहेबांना हायसं वाटलं. खरं सांगायचं तर थोडा हिरमोडही झाला. त्यांनी झाकण बसवलं, पंप होता तसा वर्तमानपत्रावर ठेवला आणि साळसूदपणे स्टुलावर जाऊन बसले.

मिस्त्रीने पंप चढवला, चेंबर लावलं, नवं तेल ओतलं. मग इंजिनावरचा, ठिणगी वाटून देणारा डिस्ट्रिब्युटर खूण करून बाहेर काढला आणि त्या भोकातून एक लांब सळई पंपाच्या दांड्यावर टेकवली. सळईचं दुसरं टोक ड्रिल मशीनला.

"हे काय चाललंय?" साहेबांनी विचारलं.

"इंजिन सुरू करायच्या आधी पंप हाताने फिरवून तेल वर चढवायचं. कोरडं इंजिन फिरलं की बेअरिंगं दोन मिनिटांत गेली."

"पण पंप नवीन आहे ना?"

"नवीनच जास्त कोरडा असतो साहेब. कोरड्या पंपाला खालचं तेल ओढता येत नाही, नुसता वारा खातो. म्हणून आधी आत व्हॅसलीन ठासायचं. त्याने पकड येते, मग ते तेलात विरघळून जातं. सकाळी भरलं ना मी, तुम्ही बाहेर होता तेव्हा."

साहेबांनी टूथब्रश पायाने स्टुलाखाली सरकवला.

ड्रिल घरघरलं. एक मिनिट. दोन मिनिटं. काटा शून्यावर मेल्यासारखा पडून. मिस्त्रीने दिशा तपासली, सळई तपासली, पुन्हा फिरवलं. काही नाही.

आवाज ऐकून बाई येऊन दारात उभ्या राहिल्या. "काय झालं मिस्त्री?"

मिस्त्रीने काट्याच्या काचेवर बोटाने टिचकी मारली. मग साहेबांकडे वळला. "वहिनी, साहेबच बरोबर होते. व्हॅसलीन मी माझ्या हाताने भरलंय, पंप वारा खाणं शक्य नाही. तेल चढलेलं असणार. हा काटाच खोटारडा आहे. तेव्हाच साहेब सांगत होते, मीच ऐकलं नाही."

साहेबांच्या उभ्या आयुष्यात त्यांचा संशय कुणाला पटला नव्हता. आज पटला, आणि नेमका आजच पटायला नको होता.

मिस्त्रीने डिस्ट्रिब्युटर खुणेवर परत बसवला. "वहिनी, तुम्ही बसा गाडीत. सेल्फ मारा. साहेब, किल्ली."

बाई पुढच्या सीटवर बसल्या. साहेबांनी उजवा खिसा चाचपला. मग शर्टाचा. मग पुन्हा उजवा.

"डाव्या खिशात आहे," बाई म्हणाल्या. "तीस वर्षं तिथेच आहे."

किल्ली बाहेर निघाली. बोललो तर लाज जाते, नाही बोललो तर इंजिन. उद्या सकाळी दलाल येतो आणि जाम झालेली गाडी ओढून नेतो. बाईंनी हात पुढे केला. साहेबांनी किल्ली मुठीत आवळली आणि ओरडले, "थांबा! काटा खरं बोलतोय!"

"कशावरून?"

"व्हॅसलीन मी काढलं."

मग साहेबांनी सगळं सांगितलं. चिकटा, टूथब्रश, ठिपका. सांगताना ते पहिल्यांदाच तराजूच्या दुसऱ्या बाजूला उभे होते.

"लाल?" बाईंनी विचारलं. "म्हणजे माझी बाटली मोलकरणीने नेली नाही तर! आठवडाभर तुम्हीच तिला घालूनपाडून बोलताय."

मिस्त्री रागावला नाही. त्याने खाली बसून कपाळ पुसलं. "ठिपका मी पाहिला होता साहेब. मला वाटलं, कारखान्यात कुणीतरी पसंतीची खूण केली असेल. म्हटलं, बरं, तपासलेला माल आहे."

त्याने पुन्हा डिस्ट्रिब्युटर काढला, ऑइल फिल्टर सोडवला, आणि पंपाकडे जाणाऱ्या भोकात कुपीने तेल सोडलं. सळई थोडी उलटी फिरवली, म्हणजे पंप ते गिळेल. पुन्हा तेल, पुन्हा उलटी. मग फिल्टर लावून ड्रिल सुलटं धरलं. घरघर सुरू झाली आणि दहा-बारा सेकंदांत तिचा आवाज जड झाला, जसा भरली बादली उचलताना माणसाचा होतो. काटा थरथरला. उठला. मधोमध जाऊन उभा राहिला.

अर्ध्या तासाने इंजिन सुरू झालं. बाईंनी दलालाला फोन करून येऊ नका म्हणून कळवलं आणि चालवायला बसल्या. शेजारच्या सीटवर त्यांनी मिस्त्रीला बसवलं. साहेब मागे. किल्ली कुणाकडे राहणार हे कुणी बोललं नाही, पण ती परत डाव्या खिशात जाणार नाही हे तिघांनाही कळलं होतं.

गाडी गल्लीच्या टोकाला वळली तेव्हा आम्ही गल्लीतले सगळे आपापल्या दारात होतो. साहेब मागून मान पुढे काढून बाईंच्या खांद्यावरून काट्याकडे बघत होते, आणि त्यांचे ओठ हलताना दिसले. मिस्त्रीने नंतर सांगितलं, ते म्हणत होते, "जरा जास्तच सरळ उभा नाही वाटत?"