वन्सं आणि रिकामी बाटली

आमच्या मुरूम गावात एखादवेळी वाघ शिरला तरी चालेल, पण सरकारी दवाखान्यातली रिकामी बाटली जिवंत बाहेर पडता कामा नये, असं आमच्या वन्संचं ठाम मत होतं. वन्सं म्हणजे माझ्या मालकांची थोरली बहीण. लवकर विधवा झाल्या, निजामाचं राज्य गेल्यावर नर्सबाईचं शिकल्या आणि आमच्या शेजारीच राहून दवाखाना सांभाळू लागल्या. डॉक्टर होते, नव्हते असं नाही, पण तेसुद्धा वन्संना विचारूनच शिंकायचे.

त्या काळी दवाखान्यातल्या बाटलीला केवढा मान! कुणी झाकणाला भोक पाडून, वात घालून तिची चिमणी करायचं, कुणी तीत हिंग ठेवायचं, आणि अत्तराला तर तिच्यासारखं भांडंच नाही, असं अख्खा बाजार म्हणायचा. वन्सं मात्र बाटली आधी उकळायच्या, मग गोणपाटात गुंडाळून वरवंट्यानं फोडायच्या आणि खोल खड्ड्यात चुना टाकून पुरायच्या. मी एकदा म्हटलं, उकळली ना, मग फोडता कशाला? तर म्हणाल्या, "उकळलेली कोणती न् बिनउकळलेली कोणती, हे बाटलीच्या कपाळावर लिवलंय व्हय?" जखमेचा कापूस खाली पडला तर चिमट्यानं असा उचलायच्या, जणू विंचूच धरलाय. भाऊबीजेला ओवाळायच्या आधी आमच्या मालकांना कोपरापर्यंत हात धुवायला लावायच्या. ते बिचारे म्हणायचे, ओवाळणी आहे का ऑपरेशन?

तर पलीकडच्या काकूंच्या लेकीला बघायला तामलवाडीचे पाहुणे आले. वन्सं आणि मी मदतीला होतोच. पोरगी देखणी, पण अंगानं किडकिडीत. आधीचं स्थळ, हिला काही दुखणं तर नाही ना, असं विचारून गेलं ते पुन्हा फिरकलंच नव्हतं. त्यामुळं काकू लई धास्तावलेल्या. पोहे झाले, सुपारी झाली, आणि काकूंनी कौतुकानं अत्तराची तपकिरी बाटली काढली. मुलाच्या मामांनी ती बोटावर उपडी केली आणि बोट ऐटीत आपल्या पांढऱ्याशुभ्र मिशांवरनं फिरवलं. मिशा जांभळ्या झाल्या.

तोंडातल्या फोडांना लावायचं ते जांभळं औषध! बाटलीच्या तळाशी वाळून बसलं होतं, ते अत्तरात विरघळलं. काकूंनी ती दवाखान्यातल्या उकळायच्या बाटल्यांच्या टोपलीतनं गुपचूप उचलली होती, हे मला काकूंच्या तोंडावरनं कळलं आणि वन्संना बाटलीवरनं.

मुलाच्या आईनं बाटली हातात घेऊन निरखली. "ही तर औषधाची दिसती. घरात दुखणं कुणाला हाय म्हणायचं?" असं म्हणून तिनं सरळ पोरीकडं पाहिलं. पोरीची मान आणखीच खाली गेली.

मला वाटलं, आता वन्सं काकूंची चांगली खरडपट्टी काढणार. वन्संनी पदर खोचलासुद्धा. "दुखणं कुणालाच न्हाय," त्या म्हणाल्या. "बाटली माझ्या दवाखान्यातली. मीच ह्यांना आणून दिली. धुवायची ऱ्हायली, चूक माझी."

मामा आरशात बघून रडकुंडीला आलेले. त्यांनी विचारलं, "बाई, हे निघंल ना?"

"निघंल की. लग्नापत्तूर निघंल."

मामा स्वतःच आधी हसले. मग मुलाची आई हसली, आणि स्थळ जमलं.

दवाखान्यात मात्र वन्संचा दरारा गेला. बाया उघड बाटल्या मागायला लागल्या. स्वतः वाटता, मग आमालाच का न्हाय म्हणता, असं तोंडावर विचारायच्या. वन्सं नुसता वरवंटा हाणायच्या. मला राग यायचा. एकदा म्हटलं, खरं सांगून मोकळ्या व्हा की. तर म्हणाल्या, "पोर नांदतीय न्हवं? मग हसंना का गाव."

आता वन्संही नाहीत आणि काकूही नाहीत. पण पोरगी पहिलटकरीण म्हणून माहेरी आली होती, ते मला अजून दिसतं. वन्संनीच तिला मोकळं केलं. बाळंतिणीच्या रक्तानं भिजलेल्या चिंध्या काकूंनी कुणाला हात लावू दिल्या नाहीत. स्वतः बादली उचलून दवाखान्यामागं नेली. वन्संनी रॉकेल ओतून काडी लावली आणि म्हणाल्या, "काकू, तिकडनं सरका, धूर लागंल."

काकू सरकल्या नाहीत. सगळं जळेपर्यंत वन्संच्या शेजारी तशाच उभ्या राहिल्या.